१४ चौरस मीटरचं भांडण

रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली गाडीची एक जागा घ्या. लांबी साधारण ६ मीटर, रुंदी २.४ मीटर; म्हणजे जेमतेम १४ चौरस मीटर, घरातल्या एका खोलीएवढी. मधोमध तेल ठिबकून पडलेला काळा डाग, फूटपाथच्या कडेशी अडकलेला पाचोळा आणि वरती दिवसभर कुठल्यातरी गाडीचं पोट. त्याच जागेवर फूटपाथच्या उंचीचा लाकडी ओटा टाकला, रस्त्याच्या अंगाला जड कुंड्या लावल्या आणि चार-चार खुर्च्यांची दोन टेबलं मांडली, की आठ माणसं तिथे ऐसपैस बसून जेवतात. जाणारं येणारं कुणी ओळखीचं दिसलं की हाक मारतात, ते माणूस थांबतं, दोन मिनिटं उभ्याउभ्या बोलतं. लहान शहराच्या मुख्य बाजाररस्त्यावर अशा पाच-दहा जागा गाड्यांकडून काढून टेबलांना द्यायच्या का, एवढाच प्रश्न असतो. पण त्यावरून सभा रात्री उशिरापर्यंत चालतात आणि वर्षानुवर्षं शेजारी शेजारी दुकानं चालवणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

मी टेबलांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. पण टेबलांची बाजू घेणारे बरेच जण दुकानदारांना जुनाट, हट्टी ठरवून मोकळे होतात, ते मला अजिबात मान्य नाही. रंगाच्या दुकानाचा मालक जेव्हा म्हणतो की दारासमोरची जागा गेली तर माझं गिऱ्हाईक जाईल, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. २० लिटरचा डबा उचलून कुणी दोन चौक चालत जात नाही. तापाने फणफणलेल्या मुलाला मागच्या सीटवर झोपवून औषध घ्यायला आलेली बाई गाडी लांब लावून येणार नाही. पुढच्या वेळी ती शहराबाहेरच्या, भरपूर पार्किंग असलेल्या दुकानात जाईल, आणि एकदा तिकडची सवय लागली की परत वळणार नाही. लहान शहरातल्या दुकानाची कमाई तशीही काठावरची असते. थोडी गिऱ्हाइकं तुटली तरी महिन्याचं गणित कोलमडतं. शिवाय दोघांच्या धंद्याच्या वेळा वेगळ्या. हॉटेल भरतं दुपारी तास-दीड तास आणि मग संध्याकाळी सातनंतर. दुकानाची घाई दहा ते सहा. सकाळी अकरा वाजता रिकाम्या खुर्च्या उन्हात तापत पडल्या आहेत आणि त्यांच्यामुळे गाडी लावायला जागा नाही म्हणून आलेलं गिऱ्हाईक पुढे निघून गेलं, हे दुकानदाराला काचेआडून पाहावं लागतं. त्याची चीड समजण्यासारखी आहे.

मात्र भीती खरी असली तरी तिचं माप बरोबर असतंच असं नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली एका बाजाररस्त्यावर पाहणी झाली. तुमची किती गिऱ्हाइकं गाडीने येतात, असं दुकानदारांना विचारलं. त्यांचा अंदाज निघाला ४१ टक्के. मग गिऱ्हाइकांनाच विचारलं, तर गाडीने आलेले २२ टक्के. अर्ध्या मैलाच्या आत राहणारी गिऱ्हाइकं किती, या प्रश्नाला दुकानदारांचं उत्तर होतं १२ टक्के. प्रत्यक्षात निघाली ४२. कॅनडातल्या टोरंटोच्या ब्लूर स्ट्रीटवरची अशीच पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात गाडीने येणारे दहातला एक भरले. दुकानदार काही मुद्दाम फुगवून सांगत नव्हते. गाडीवाला दुकानात शिरतो तोच जागा मिळाली नाही म्हणून कुरकुरत. ते बोलणं लक्षात राहतं. चालत आलेला माणूस कसा आला ते कधी सांगतच नाही. तक्रार ऐकू येते, सोय ऐकू येत नाही.

हे आकडे मी लहान शहराला जसेच्या तसे लावणार नाही. ब्रिस्टल आणि टोरंटो ही मोठी शहरं. तिथे बस आहे, दाट वस्ती आहे. जिथे दिवसाला चार बसगाड्या येतात आणि आजूबाजूच्या पंचवीस किलोमीटरवरून माणसं खरेदीला येतात, तिथे गाडीने येणाऱ्यांचं प्रमाण जास्त असणारच. म्हणून सांगते, दुसऱ्याचे आकडे उसने घेऊ नका, आपल्या रस्त्यावर बसून मोजा. त्याला तज्ज्ञ लागत नाहीत, एक वही आणि चार तास पुरतात.

मी एकदा हे करून पाहिलं. आठवड्यातल्या एका साध्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी एक, बाजाररस्त्यावरच्या एका बाकावर वही घेऊन बसले आणि समोरच्या सहा जागांवर नजर ठेवली. औषधाच्या दुकानासमोरची जागा सारखी बदलत होती. माणूस उतरायचा, आत जायचा, पिशवी घेऊन पाच-सात मिनिटांत परत. तिच्या शेजारच्या दोन जागांवरच्या गाड्याही अर्ध्या-पाऊण तासाने हलत होत्या. पण सहांपैकी दोन गाड्या मी बसायच्या आधीपासून होत्या आणि मी उठले तेव्हाही तिथेच होत्या. त्यातली एक कुणाची ते मला दहाच्या सुमाराला कळलं. समोरच्या दुकानाचं शटर वर करणारा माणूस मध्येच रस्ता ओलांडून आला, डिकीतून एक खोकं काढलं आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसला. चार तास त्याच्याच गिऱ्हाइकाची जागा त्याच्या गाडीने अडवलेली होती. चार तासांच्या नोंदीवरून कुणी धोरण ठरवू नये, हे मला कळतं. पण ज्याने ज्याने असं मोजलंय, त्याला रस्त्यावर पहिली येणारी आणि शेवटी जाणारी गाडी कुणाची असते ते ठाऊक आहे.

हे दुखणं आजचं नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १९३० च्या दशकात हेच झालं होतं. शहराच्या मध्यभागी कामाला येणारी माणसं सकाळीच गाड्या लावायची आणि संध्याकाळी काढायची. दुकानात येणाऱ्याला जागाच उरायची नाही. तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने हा प्रश्न कार्ल मॅगी या वर्तमानपत्राच्या संपादकाकडे सोपवला. त्याच्या डोक्यातून निघालेलं यंत्र १६ जुलै १९३५ रोजी रस्त्यावर उभं राहिलं: जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे नाणं टाकलं की ठरावीक वेळ गाडी लावू देणारं यंत्र. तासाला ५ सेंट. मीटरचं नाव काढलं की आज दुकानदारांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण ते यंत्र जन्माला आलं ते दुकानदारांच्याच गाऱ्हाण्यातून, त्यांच्या गिऱ्हाइकाला जागा मिळावी म्हणून. सरकारी तिजोरी भरणं हा त्याचा पहिला हेतू नव्हता.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक डॉनल्ड शूप यांनी आपलं जवळजवळ सगळं आयुष्य या एका विषयाला दिलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं: रस्त्यावरच्या पार्किंगचं भाडं असं ठेवा की कुठल्याही वेळी साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असतील आणि सात-आठांत एक रिकामी. सगळ्या भरल्या तर भाडं कमी आहे, निम्म्या रिकाम्या राहिल्या तर जास्त आहे. दारासमोरची जागा आणि मागच्या बोळातली जागा दोन्ही फुकट असतील, तर प्रत्येक जण दारासमोरच्या जागेसाठी घिरट्या घालणार आणि मागचं मैदान मोकळं राहणार. समोर थोडं भाडं आणि मागे फुकट असं केलं, की दिवसभर थांबणारा आपोआप मागे जातो आणि समोरची जागा दहा मिनिटांच्या कामाला आलेल्यासाठी मोकळी होते. कॅलिफोर्नियातल्याच पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ साली मीटर बसवले, तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध मावळला तो एका अटीवर: मीटरचा पैसा त्याच पेठेतल्या फूटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर आणि झाडलोटीवर खर्च व्हावा. तो झाला, आणि पडीक झालेली ती पेठ सावरली. पैसा डोळ्यांसमोर खर्च होताना दिसला की माणसं भाड्याला एवढं वाकडं बोलत नाहीत.

आता टेबलांच्या प्रश्नाकडे परत या. ६० गाड्यांच्या रस्त्यावर दिवसभर न हलणाऱ्या १५ गाड्या मागे गेल्या, तर त्यातल्या आठ जागा टेबलांना देऊनही दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला आजच्यापेक्षा सात जागा जास्त मिळतात. हे गणित प्रत्येक रस्त्यावर वेगळं निघेल, कुठे जमणारही नाही. पण ते न मांडताच टेबलं हवीत की पार्किंग हवं असं विचारलं, की सभेत दोन तट पडतात आणि खरा चोर नामानिराळा राहतो. आधी पार्किंग नीट लावा, मग खुर्च्या मांडा, हा क्रम उलटा झाला म्हणून कितीतरी चांगल्या योजना पहिल्याच हंगामात बदनाम झाल्या असणार.

चालण्याच्या अंतराबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. मोठ्या मॉलच्या पटांगणात गाडी लावून माणूस दीडशे-दोनशे मीटर चालतो, आत शिरून आणखी तेवढंच चालतो, आणि त्याला ते चालणं वाटतच नाही. तोच माणूस बाजाररस्त्यावर दुकानासमोर जागा दिसली नाही की पार्किंग नाही म्हणतो. कारण रस्त्यावर दार समोर दिसत असतं. दिसणाऱ्या दारापर्यंत चालायला जिवावर येतं. म्हणून नुसतं मागे जागा आहे असं सांगून भागत नाही. मागच्या मैदानातून रस्त्यावर येणारा बोळ स्वच्छ हवा, रात्री उजेड हवा, पाटी हवी. अंधाऱ्या, कचऱ्याच्या डब्यांनी भरलेल्या बोळातून एकट्या बाईने यावं अशी अपेक्षा ठेवून कुणी पार्किंगचं नियोजन करत असेल, तर ते नियोजन कागदावरच राहणार.

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. थोड्या लोकांना उघड्यावर जेवता यावं म्हणून? माझ्या दृष्टीने जेवण हा निमित्ताचा भाग आहे. लहान शहराच्या मध्यभागी आज माणसं कामापुरती येतात. बँकेत जायचं, औषध घ्यायचं, गाडीत बसायचं, निघायचं. थांबायला कारण नाही आणि जागाही नाही. सहा वाजले की शटरं पडतात आणि रस्त्यावर उरतात फक्त उभ्या गाड्या. जिथे टेबलं बाहेर आली आहेत तिथला सातनंतरचा रस्ता पाहा. ओट्याच्या कडेला लावलेल्या दिव्यांचा पिवळा उजेड फूटपाथवर सांडलेला असतो. कुंडीच्या काठावर बसून एखादं पोर पाय हलवत असतं, शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं न बोलता रस्त्याकडे पाहत असतं, कुत्र्याला फिरवायला निघालेला माणूस उगाचच तिथून दोन फेऱ्या मारतो. त्याने एक पैसाही खर्च केलेला नसतो. पण आदल्या वर्षी तो या रस्त्यावर अंधार पडल्यावर आलाच नसता. आपल्या शहरात कोण राहतं हे माणसाला अशा संध्याकाळींतून कळतं. गाडीच्या काचेतून ते कळत नाही.

हवामानाची सबब नेहमी पुढे येते. आमच्याकडे पाऊस फार, आमच्याकडे थंडी फार. कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रॉगेट हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथेही लोक हेच म्हणत होते: आपण डॅनिश आहोत, इटालियन नव्हे, या थंडीत बाहेर कोण बसणार? आज त्या शहरात मांडीवर पांघरूण घेऊन लोक बाहेर बसतात. वास्तुरचनाकार यान गेल यांनी त्या रस्त्यांवर माणसं काय करतात हे अनेक दशकं मोजलं, आणि त्यांच्या नोंदींतून दिसलं ते इतकंच की बसायला जागा केली की माणसं बसतात.

पण स्ट्रॉगेटचं उदाहरण देऊन लहान शहराने अख्खा रस्ताच गाड्यांना बंद करावा, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हा प्रयोग अमेरिकेतल्या लहान-मध्यम शहरांनी करून पाहिला आहे. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू शहराने १९५९ साली आपला मुख्य रस्ता फक्त पादचाऱ्यांसाठी केला. देशातला तो पहिला. त्यानंतरच्या २५ वर्षांत सुमारे दोनशे शहरांनी तसंच केलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढे रस्ता परत गाड्यांना उघडला. कॅलामझूनेही १९९८ मध्ये एक भाग उघडला. चारी बाजूंनी माणसं चालत येतील इतकी वस्ती जवळ नव्हती. नुसत्या गाड्या काढल्या आणि त्या जागी यायला कुणी नव्हतं. बोल्डर, बर्लिंग्टन, शार्लट्सव्हिल इथले रस्ते टिकले, कारण शेजारी विद्यापीठं होती, तरुण मुलं पायी हिंडत होती, पर्यटक येत होते. ज्या शहराकडे यातलं काही नाही, त्याने रिकामा फरसबंद रस्ता करून ठेवू नये. गाड्या हळू जातात, काही जागांवर उभ्या राहतात, काही जागांवर माणसं बसतात, असा मिसळलेला रस्ताच लहान शहराला मानवतो. पाच-दहा जागांचा प्रयोग फसला तर ओटे उचलून ठेवता येतात. फरशी उखडता येत नाही.

आता हॉटेलवाल्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्या त्यांना आवडणार नाहीत.

रस्त्याची कड गाडीवाल्याच्या मालकीची नाही हे जितकं खरं, तितकंच ती हॉटेलवाल्याच्याही मालकीची नाही. ती सगळ्या शहराची आहे. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत रीबार नावाच्या एका कलाकार-मंडळाने रस्त्यावरच्या मीटरमध्ये पैसे टाकले आणि त्या जागेवर गाडी न लावता दोन तास हिरवळ अंथरली, एक बाक आणि एक झाड ठेवलं. त्यांना एवढंच दाखवायचं होतं की मीटरचे पैसे हे जागेचं भाडं आहे. भाडं भरल्यावर तिथे गाडीच उभी करायला हवी असं कुठे आहे? त्यातून पुढे त्या शहरात २०१० पासून कायदेशीर ओटे आले. सुरुवातीच्या त्या ओट्यांची अट होती की तिथे कुणीही बसू शकेल, समोरच्या हॉटेलात काही घेतलं असो वा नसो. तशी पाटीही लावावी लागे. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. सार्वजनिक जागा जोवर सार्वजनिक राहते तोवर तिच्यासाठी भांडायला मी तयार आहे.

२०२० च्या साथीत सगळंच बदललं. आत बसायला बंदी आली आणि शहरांनी रातोरात रस्ते हॉटेलांना दिले, बहुतेक ठिकाणी फुकट. न्यूयॉर्कमध्ये दहा हजारांहून जास्त हॉटेलांनी बाहेर टेबलं मांडली. तेव्हा ते योग्यच होतं. लाखो माणसांची रोजीरोटी त्यावर तगली. पण आपत्तीत मिळालेली सवलत संकट टळल्यावरही तशीच चालू राहिली, आणि काही ठिकाणी उघडे ओटे हळूहळू चार भिंती आणि छत असलेल्या खोल्या झाले. आत दिवे, पंखे, दाराला कुलूप. भाडेकरू मालक होऊन बसतो तो असा. मग लोकांचा संताप झाला, उंदरांच्या आणि कचऱ्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०२४ पासून न्यूयॉर्कने नवे नियम आणले: परवाना, भाडं, ठरावीक मापं, आणि रस्त्यावरची टेबलं फक्त एप्रिल ते नोव्हेंबर. नियम आले तसे बाहेर बसवणाऱ्या हॉटेलांची संख्या साथीतल्या संख्येच्या तुलनेत फार घटली. दर हिवाळ्यात ओटा मोडून गोदामात ठेवायचा आणि वसंतात पुन्हा जोडायचा, हा खर्च लहान हॉटेलाला झेपत नाही. पॅरिसने २०२१ मध्ये उन्हाळी ओट्यांना कायमची मान्यता दिली तीही हंगामापुरतीच, १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, आणि रात्री दहाला टेबलं बंद.

हंगामाची अट मला रास्त वाटते. पण तिचा भार एकेका हॉटेलवाल्यावर टाकणं चूक आहे, आणि लहान शहराला ही चूक टाळणं सोपंही आहे. ओटे नगरपालिकेने स्वतः करून घ्यावेत, एका मापाचे, जोडता-सुटे करता येणारे, आणि हंगामापुरते भाड्याने द्यावेत. हिवाळ्यात ते नगरपालिकेच्याच शेडमध्ये राहतील. मग ज्याच्याकडे सहा टेबलांचं हॉटेल आहे त्यालाही दोन टेबलं बाहेर मांडता येतील, आणि रस्त्याची कड ज्याचा खिसा मोठा त्यालाच मिळाली असं होणार नाही. भाडं मात्र घ्यायचंच. ज्या जागेवर गाडीवाला पैसे भरतो, ती हॉटेलवाल्याला फुकट का?

आणि करार छोटा ठेवायचा. शिकागोने २००८ साली आपली सुमारे ३६,००० पार्किंग मीटरं ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिली, सुमारे १.१५ अब्ज डॉलरला. तेव्हापासून त्या शहराला स्वतःच्याच रस्त्यावरच्या मीटरच्या जागा काढायच्या असल्या तर कंपनीची भरपाई करावी लागते. रस्त्याच्या कडेला टेबलं हवीत, झाडं हवीत, सायकलची वाट हवी, काहीही ठरवा, आधी करार पाहायचा. तीन पिढ्यांनी रस्ता कसा वापरावा हे एका सभेने ठरवून टाकलं. लहान शहरांनी तरी, मग ती गाडी असो की टेबल, कुणालाही एका हंगामापलीकडे शब्द देऊ नये.

फूटपाथबद्दल मी जराही तडजोड करणार नाही, आणि त्याचं कारण माझ्या घरातलं आहे. आई वॉकर घेऊन चालायची तेव्हाची गोष्ट. एका हॉटेलाने फूटपाथवरच टेबलं मांडली होती. जाण्यापुरती वाट ठेवली होती खरी, पण जेवायला बसलेल्या एकाने खुर्ची मागे सरकवली आणि पुढे पदार्थांची उभी पाटी होती. वॉकरची चार पावलं त्या फटीत मावेनात. आईने कुणाला उठवायला नको म्हणून मला गप्प केलं आणि ती कड उतरून रस्त्यावर आली, दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून. पुढचं चाक कडेच्या फटीत अडकलं. ती पडली नाही, मी धरलं होतं. पण त्यानंतर तिने त्या रस्त्याने जायचं नाव काढलं नाही, आणि विचारलं तर म्हणायची की तिकडे काही काम नव्हतं. टेबलं जर कुठे जायचीच असतील तर ती गाडीच्या जागेवर जावीत, फूटपाथवर कधीच नाही, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. रस्त्यावरचा ओटा हा फूटपाथ मोकळा ठेवण्याचा मार्ग असेल तरच त्याला अर्थ आहे. आणि ओटा फूटपाथच्या पातळीला नसेल, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला त्यावर जाता येत नसेल, तर परवाना देऊच नये. अपंगांसाठी राखलेली गाडीची जागा तर या सगळ्या देवाणघेवाणीच्या बाहेरच राहिली पाहिजे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आगीच्या बंबाला वाट हवी. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेली अग्निसंहिता २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर मोकळी रुंदी मागते, आणि अरुंद रस्त्यावर तेवढी उरत नसेल तर तिथे ओटा नको. ओट्याखालून पावसाचं पाणी वाहिलं पाहिजे आणि खालचा कचरा काढता आला पाहिजे. माल उतरवायला येणाऱ्या टेम्पोला सकाळची जागा आखून द्या, नाहीतर तो मधोमध उभा राहील. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना झोप हवी. बाहेर गाणी नकोत, वेळ ठरलेली हवी. यातलं काहीच अवघड नाही, फक्त कुणीतरी टेप घेऊन रस्त्यावर उतरायला हवं.

माझ्या हातात असतं तर मी पहिल्या हंगामाला आठच जागा दिल्या असत्या, दोन-दोनच्या चार जोड्यांत, चार हॉटेलांच्या दारासमोर. कुणा दुकानाच्या काचेसमोर एकही नाही. रंगाच्या आणि औषधाच्या दुकानासमोर १५ मिनिटांच्या जागा आखल्या असत्या आणि त्या खरोखर १५ मिनिटांच्याच राहतात का हे पाहायला माणूस ठेवला असता. ओटे टाकण्याच्या महिनाभर आधी मागच्या बोळात दिवे लावले असते आणि दुकानांतल्या लोकांच्या गाड्यांसाठी तिथे फुकट जागा राखली असती. दुकानदारांना मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा त्याच महिन्यांचा गल्ला मोजायला सांगितला असता, नाव न लावता बंद पाकिटात. आणि हंगाम संपल्यावरच्या सभेत ती पाकिटं सगळ्यांसमोर उघडली असती, आधी रंगाच्या दुकानदाराचं.